एकदा अंतराळात जाऊन आलेल्या यानाची इंजिनं जमिनीवर पुन्हा का पेटवून बघतात?

कारण दोष कधीकधी इंजिनात नसतो, आजूबाजूच्या नळ्या-झडपांत लपलेला असतो. स्पेसएक्स कंपनीच्या क्रू ड्रॅगन या माणसं नेणाऱ्या यानाचंच बघा. मार्च 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाला जाऊन सुखरूप परतलेली कुपी 20 एप्रिलला चाचणीत फुटली. संकटात कुपीला रॉकेटपासून दूर नेणारी आठ सुपरड्रॅको इंजिनं पेटायला जेमतेम 100 मिलिसेकंद उरले होते! गळक्या झडपेतून थोडं नायट्रोजन टेट्रॉक्साइड (इंधन जाळायला लागणारं द्रव) हे इंधनाला दाब देणाऱ्या हेलियम वायूच्या नळीत शिरलं होतं. हेलियमचा जोरदार दाब देताच ते गोळीसारखं टायटॅनियमच्या झडपेवर आदळलं आणि चक्क धातूच पेटला. या परिस्थितीत टायटॅनियम पेटेल अशी अपेक्षाच नव्हती. मग त्या झडपांऐवजी ठरावीक दाबालाच फुटणाऱ्या, तोवर घट्ट बंद राहणाऱ्या चकत्या बसवल्या. कुपीत तेव्हा कोणी नव्हतं. क्रू ड्रॅगनमध्ये माणसं बसली ती मे 2020 मध्ये.