बांधावरच्या झाडांचा कार्बन सॅटेलाइट आणि एआय खरंच मोजू शकतं का?

तुम्ही विचारलंय की, सोयाबीनच्या बांधावर साग लावा, कार्बन क्रेडिटचे, म्हणजे झाडांनी साठवलेल्या कार्बनचे, पैसे देऊ, असं एक कंपनी सांगतेय. मोजायला कुणी येणार नाही, "सगळं सॅटेलाइट आणि एआय बघतं." यावर विसंबावं का?

उपग्रहाची चित्रं आणि शेतातली मोजणी ताडून बघणं हेच माझं काम. झाड उभं आहे की तुटलं, हे वरून बऱ्यापैकी कळतं. त्यात कार्बन किती, हे मात्र टेप घेऊन बांधावर गेल्याशिवाय कळत नाही.

तुमचा सागच घ्या. सेंटिनेल-२ हा युरोपचा उपग्रह दर काही दिवसांनी फुकट चित्रं देतो, पण त्यातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरची १० बाय १० मीटर जागा. त्यात सागाची एक ओळ, बाकी सगळं सोयाबीन. पावसाळ्यात ढग, आणि ढग फाटले तरी पीकही हिरवं, झाडही हिरवं. उन्हाळ्यात शेत मोकळं होतं, तर साग पानं गाळून बसलेला. मधले थोडे आठवडे मिळतात, तेव्हा हरभरा उगवलेला असतो! वर्षभराची चित्रं ओळीने लावून एआय यातूनही झाडं वेगळी काढतं, आणि ते काम मला मनापासून आवडतं. पण ते शिकतं कशावरून? कुणीतरी छातीच्या उंचीवर खोडाचा घेर मोजून केलेल्या नोंदींवरून. त्या नोंदी दाट जंगलातल्या असतील, तर तुमच्या बांधाचा आकडा अंदाजपंचेच येणार.

३० जुलै २०२५ला श्रीहरिकोटाहून गेलेल्या निसार या इस्रो-नासाच्या उपग्रहाचं रडार ढगांतून आरपार बघतं, फांद्या-खोडांपर्यंत पोचतं. त्याने मोठी मदत होईल. मातीतला कार्बन मात्र त्यालाही थेट दिसत नाही.

खरा घोळ वेगळ्याच जागी होतो. प्रकल्प नसता तर काय झालं असतं, याचा फोटो कुठलाच उपग्रह काढू शकत नाही. जंगल वाचवून कार्बन क्रेडिट विकणाऱ्या झिम्बाब्वेच्या करिबा प्रकल्पात 'आम्ही नसतो तर एवढं जंगल तुटलं असतं' हा अंदाजच फुगवलेला असल्याचे आरोप झाले आणि ऑक्टोबर २०२३मध्ये ती क्रेडिट विकणारी साउथ पोल ही स्विस कंपनी त्यातून बाहेर पडली. त्याच वर्षी 'सायन्स'मध्ये सहा देशांतल्या २६ वनप्रकल्पांचा अभ्यास आला. प्रकल्पाबाहेरच्या तशाच जंगलांशी तुलना केल्यावर बहुतेकांनी जंगलतोड फारशी थांबवलेली दिसली नाही. हे उघडकीला आलं तेही उपग्रहांच्या जुन्या चित्रांमुळेच, म्हणून मी या तंत्राच्या बाजूने आहे.

तेव्हा सही करण्याआधी कंपनीला विचारा: आमच्या तालुक्यातली किती झाडं हाताने मोजलीत, आणि ती यादी दाखवाल का? तुमच्या नकाशात माझं झाड दिसलं नाही, तर बांधावर येऊन बघणार कोण, आणि तोवर पैसे अडवणार का? झाड वाळलं किंवा मी तोडलं तर वसुली कुणाकडून? उत्तरं करारात, मराठीत लिहून घ्या. "कुणी येणारच नाही" हे वाक्य करारातही असेल, तर मी तरी सही करणार नाही.