केऑस, गॅस आणि विहंग

प्रश्न असा आहे: 'निरोगी हृदयाच्या लयीत केऑस असतो, असं वाचलं. मराठीत काय म्हणावं? अराजक, गोंधळ की अनागोंदी? आणि हार्ट रेट व्हेरिएबिलिटीला अनियमितता म्हटलेलं चालेल का?'

शेवटचं आधी घेतो, कारण तेच रोज कानावर आदळतं. नाही चालणार. मनगटावरच्या घड्याळात एचआरव्हीचा, म्हणजे याच हार्ट रेट व्हेरिएबिलिटीचा, आकडा चांगला वाढलेला दिसतो आणि माणूस 'माझे ठोके अनियमित आहेत' म्हणून हवालदिल होतो. अनियमित ठोके हा विकार झाला. एचआरव्ही वेगळी, ती म्हणजे दोन ठोक्यांमधलं अंतर किंचित कमीजास्त होत राहणं. मिनिटाला ६० ठोके म्हणजे बरोबर दर १००० मिलिसेकंदांनी एक, असं निरोगी हृदय वागत नाही. श्वास घेताना ठोके जवळजवळ येतात, सोडताना लांबतात. व्हेगस नावाची चेता (नर्व्ह) हृदयाचा लगाम कधी सैल सोडते, कधी खेचते. आणि हे हवंच असतं. १९८७ साली क्लायगर आणि सहकाऱ्यांनी हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या ८०८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ठोक्यांमधल्या अंतराचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा चढउतार, ५० मिलिसेकंदांहून कमी असलेल्यांना मृत्यूचा धोका १०० च्या वर असलेल्यांच्या ५.३ पट निघाला. तेव्हा साधा 'हेलकावा' म्हणा. 'परिवर्तनशीलता'वाल्यांनी आपला शब्द एका श्वासात तीनदा म्हणून दाखवावा, ठोका चुकेल.

आता केऑस. अराजक म्हणजे राजा नाही, म्हणजे नियम नाही. गणितातल्या केऑसमध्ये नियम असतो आणि चांगला कडक असतो. फक्त सुरुवातीला केसभर फरक पडला की पुढे वाट पार बदलते. १९६१ मध्ये हवामानशास्त्रज्ञ लोरेंझने हवामानाच्या गणितात ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ एवढंच भरलं आणि काही काळाने भलतंच हवामान हाती आलं. या प्रकाराला केऑस हे नाव मिळालं ते १९७५ साली, ली आणि यॉर्क यांच्या लेखामुळे. माझ्या मते नाव चुकलंच, पण आता इलाज नाही. 'अराजक' म्हटल्याने ती चूक दुप्पट होते. गोंधळाचा मूळ अर्थ सर्वांना ठाऊक आहे, त्यात शिरत नाही. अनागोंदीचं कर्नाटकातल्या आनेगुंदी गावाशी नातं आहे की नाही, हा तंटा पुन्हा कधीतरी.

कारण खरी गंमत ग्रीक शब्दात आहे. 'खाओस' म्हणजे मुळात पसारा नव्हेच! प्राचीन ग्रीक कवी हेसिअडच्या काव्यात सर्वांत आधी खाओस होतं, म्हणजे आ वासलेली पोकळी होती. 'वासणे, फाकणे' याच अर्थाच्या धातूचा हा शब्द. त्यात अस्ताव्यस्त ढीग आणून ओतला तो पुढे रोमन कवी ओव्हिडने. मात्र सतराव्या शतकात ब्रुसेल्सच्या व्हान हेल्मोंट या रसायनशास्त्रज्ञाला वाफेसारख्या पदार्थांसाठी नाव हवं होतं, तेव्हा त्याने याच शब्दावरून 'गॅस' घडवला. डच लोकांचा ग घशातून येतो, ग्रीक ख च्या अगदी शेजारून. काही पंडित गॅसला जर्मन 'गाइस्ट'च्या, म्हणजे भुताखेतांच्या दावणीला बांधतात. त्यांनी हेल्मोंट वाचलेला नसावा; आपण हे नाव प्राचीनांच्या केऑसपासून फार दूर नेलेलं नाही, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. गॅसवर भांडं ठेवणारा प्रत्येक जण केऑसवर भांडं ठेवत असतो.

आपल्याकडे हा धातू आहे का? 'ख म्हणजे आकाश, म्हणून खाओस' असं छातीठोक सांगणारे भेटतात. ध्वनिनियम आडवा येतो त्यांना. अशा ग्रीक ख समोर संस्कृतात सहसा ह येतो: खेइमोन आणि हिम, खेन आणि हंस. मग 'हा' धातू घ्या, त्याला 'वि' लावा: फाकणे, जांभई देणे. त्यावरून विहायस्, म्हणजे मोकळं आकाश, अमरकोशात आहे. विहायसातून जाणारा तो विहग, विहंग. म्हणजे केऑस आणि विहंग एका कुळातले! सगळे भाषाशास्त्रज्ञ ही सोयरीक मानत नाहीत. न मानोत. आयुर्वेदाचार्य शार्ङ्गधराने नाडीच्या चाली सांगताना कावळा, हंस, पारवा, लावा, तित्तिर यांचीच रांग लावली आहे, हे मला उगीच वाटत नाही. (बेडूक, साप आणि जळूही आहेत, पण ते इथे अडचणीचे.)

हां, हृदय राहिलंच. त्याच्या हेलकाव्याला केऑस म्हणावं का, हाच मुळात वाद आहे. १९८१ साली ग्वेव्हारा, ग्लास आणि श्रायर यांनी कोंबडीच्या गर्भाच्या हृदयपेशींना ठरावीक वेळाने विजेचे झटके दिले, तेव्हा केऑसला साजेशी चाल दिसली खरी. पण ती बशीतल्या पेशींची. माणसाच्या छातीत श्वास, चेता, संप्रेरकं सगळीच ढवळत असतात. त्यातला नियम किती आणि निव्वळ योगायोग किती, हे वेगळं काढणं अवघड. २००९ मध्ये खुद्द ग्लासनेच 'निरोगी हृदयाची गती केऑटिक असते का?' हा प्रश्न संशोधकांपुढे चर्चेला ठेवला होता. तेव्हा हेलकावा दिसला की लगेच केऑस म्हणू नका, आणि केऑस म्हणायचंच असेल तर केऑसच लिहा. परवा एके ठिकाणी 'चाओस' छापलेलं पाहिलं. अशाने उद्या हंसाचा चंस होईल.