सुटू शकेल असा बंध

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

छोट्या व्हायलमध्ये सुरेख पोकळ पिशव्या देणारे तुझे पॉलिस्टायरीन आणि पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्लाचे ब्लॉक कोपॉलिमर (दोन वेगळ्या साखळ्या टोकाला जोडलेला पॉलिमर) मोठ्या रिअ‍ॅक्टरमध्ये नुसता गाळ देते, म्हणून तू आता क्रॉसलिंकर, म्हणजे साखळ्यांना आपसात पक्के बांधणारे रसायन, सुरुवातीलाच घालून रचना पक्की करायला निघाली आहेस. मागवला असशील तर बाटली उघडू नकोस. चुकीचा जुळलेला बंध सुटायला वाव राहिला पाहिजे, आणि तू नेमका तोच वाव बंद करते आहेस.

रिअ‍ॅक्टरमध्ये पाणी कुठे आणि किती वेगाने सोडतेस, हे तुझ्या पत्रात कुठेच नाही, याचा मला खरोखर राग आला. मॉन्ट्रिअलचे रसायनशास्त्रज्ञ आयझेनबर्ग यांनी 1995 च्या सुमारास तुझ्याच जातीच्या पॉलिमरांपासून गोल, दांडे आणि पिशव्या मिळवल्या, त्या पॉलिमर ज्यात विरघळते त्या द्रवात, म्हणजे सॉल्व्हंटमध्ये, पाणी हळूहळू घालून. सॉल्व्हंट मुरलेला आहे तोवर साखळ्या हलतात आणि चुकीची जागा सोडून योग्य जागी जातात. मोठ्या भांड्यात मात्र नळीच्या टोकाशी एकदम पाणी साचते, तिथल्या पॉलिस्टायरीनमधून सॉल्व्हंट निघून जातो, आणि सुमारे 100 अंशांपर्यंत काचेसारखे कडक राहणारे ते द्रव्य जिथे असेल तिथेच गोठते. व्हायलमध्ये हे घडण्याआधीच ढवळून होते, एवढाच फरक.

अनफिन्सेन यांचा रायबोन्यूक्लिएजचा प्रयोग पुन्हा वाच. त्या प्रथिनातल्या आठ सिस्टीनांच्या, म्हणजे आपसात बंध लावणाऱ्या घटकांच्या, चार जोड्या 105 प्रकारे लागू शकतात. प्रथिनाची घडी उलगडणाऱ्या युरियात असतानाच जोड्या लावल्या, तेव्हा त्या अस्ताव्यस्त लागल्या आणि प्रथिन जवळजवळ निकामी झाले. मग युरिया काढून मर्कॅप्टोइथेनॉलचा अंश घातला, म्हणजे बंध तोडणारे रसायन घातले, आणि प्रथिन पूर्ववत कामाला लागले. सुटण्याची मुभा मिळाली म्हणून ते बरोबर जुळले. तुला अजून कोणता पुरावा हवा?

कातडी-हाडांतल्या कोलॅजेन या प्रथिनाचेही तेच आहे. त्याच्या तिपेडी रचनेचे श्रेय मद्रासच्या रामचंद्रन आणि कार्था यांना आपण अभिमानाने देतो, पण पुढचा भाग सहसा शिकवत नाही. पेशीत असताना रेणूच्या टोकांचे जादा तुकडे जुळणी रोखून धरतात. बाहेर आल्यावर ते कापले जातात, रेणू 67 नॅनोमीटरच्या आवर्तनाने शेजारी लागतात, आणि त्यानंतरच लायसिल ऑक्सिडेज हे एन्झाइम पक्के आडबंध घालते. आम्लातले थंड कोलॅजेन उदासीन करून 37 अंशांवर ठेवून पाहा: काही वेळ द्रावण स्वच्छच दिसते, मग निळसर धूसर होते, आणि मग जेल होते. तापमान थोडे कमी ठेवलेस तर वेळ जास्त लागतो, पण तंतू जाड होतात. आधी जुळणी, मग कुलूप.

‘निसर्गाला वेळ असतो, कारखान्याला नसतो,’ असे तुझे गाइड म्हणतील. एका कंपनीत मी सल्लागार असताना हेच ऐकले होते. पाणी सावकाश सोडण्याचा आग्रह मी सोडला नाही, तेव्हा मला हट्टी ठरवून ते काम मोठ्या बॅचपर्यंत जाण्याआधीच गुंडाळण्यात आले. ती बॅच पाहायची राहिली, ही सल आहे. पण आजही मी तेच सांगेन, आणि ते हट्टापोटी नव्हे. शेफील्डचे आर्म्स यांनी पॉलिमर वाढवता वाढवताच जुळवण्याची पद्धत रुळवली आहे. जुन्या पद्धतीत पॉलिमर एका टक्क्याच्याही खाली ठेवावे लागे, इथे ते 25 टक्क्यांवरही चालते, कारण न वापरलेला मोनोमर, म्हणजे साखळीचा सुटा घटक, गाभ्यात मुरून साखळ्यांना हलते ठेवतो. उत्पादन वाढले आणि वावही राहिला, तेव्हा ही दोन्ही परस्परविरोधी आहेत असे मला कोणी सांगू नये.

तूर्त पॉलिमर बदलू नकोस. पाण्यात थोडा सॉल्व्हंट मिसळून ते मिश्रण ढवळणीच्या पात्याजवळ सावकाश सोड, पिशव्या तयार झाल्याचे सूक्ष्मदर्शकात दिसू दे, आणि क्रॉसलिंकर त्यानंतर घाल. पुढच्या पत्रात पाण्याचा वेग, नळीच्या टोकाची जागा आणि ढवळणीचे फेरे आधी लिही. चित्रे मागाहून आली तरी चालतील.

तुझा,
सर