लॅब्राडोर घेताना नुसते पेपर बघू नका

तुम्ही विचारलंय, ठाण्यात राहतो, लॅब्राडोरचं पिल्लू घ्यायचंय, केसीआय (केनेल क्लब ऑफ इंडिया) पेपर देणारा ब्रीडर म्हणजे खात्रीचा ना?

नाही. केसीआयचा कागद पिल्लाची वंशावळ एवढीच सांगतो, आईबापाचे खुबे कसे आहेत ते नाही. माझ्या मेहुण्याला हे अजून पटत नाही. त्याच्या कुत्र्याचे पेपर अगदी खरे आहेत, कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपचे 15 आकडे सर्टिफिकेटशी जुळतात. पण पिल्लू आलं मुलुंड चेकनाक्यावर, गाडीच्या डिकीतून. आई कुणी पाहिलीच नाही. आठव्या महिन्यात ते पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम टाकायला लागलं, बसताना एका कुल्ल्यावर कलंडायचं, जिन्यापाशी अडून राहायचं. एक्स-रेत दिसलं, मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीत नीट बसतच नाही. हिप डिस्प्लेझिया. लॅब्राडोरमध्ये तो बराचसा आनुवंशिक. मग पेपर उलगडले तर आईचा बाप आणि बापाचा बाप एकच कुत्रा! खुबे त्यानेच बिघडले असं म्हणत नाही, पण छापलेलं समोर होतं आणि वाचलं कुणी नाही. मेहुणा अजूनही ‘पेपरवाला’ म्हणून मिरवतोच.

तर फोनवर पहिला प्रश्न पेपरचा नको. आईबापाच्या खुब्यांचे आणि कोपरांचे एक्स-रे मागा, 2 वर्षं वय झाल्यावर काढलेले, फिल्मवर चिपचा नंबर असलेले. सोबत पीआरए (नजर जाते) आणि ईआयसी (जोरात पळाल्यावर मागचे पाय लुळे पडतात) यांचे डीएनए रिपोर्ट. ‘आमच्या लाइनमध्ये असलं काही नाही’ म्हणाला की फोन ठेवा. ‘हेवी बोन, पंच फेस’ (जाड हाडं, आखूड रुंद तोंड) सुरू झालं तरी ठेवा.

कुत्र्यांच्या प्रजनन आणि विक्रीच्या 2017 च्या नियमांप्रमाणे ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि 8 आठवड्यांच्या आत पिल्लू विकता येत नाही. तरी बाजारात ‘45 दिवसांचं’ सर्रास चालतं, कारण त्यानंतर पिल्लांचं खाणं वाढतं आणि लसीचा दुसरा डोस ब्रीडरच्या खिशातून जातो. पण चावा किती जोरात घ्यायचा हे पिल्लू भावंडांत याच दिवसांत शिकतं. मादी 18 महिन्यांच्या वरची हवी, वर्षाला एकच लिटर (वेत), आयुष्यात पाचाच्या वर नाही. हिचं कितवं, हे थेट विचारा.

घरी जाऊन आई बघाच. 8 आठवड्यांच्या पिल्लांच्या आईचे केस गळालेले असतात, सड अजून ओघळलेले असतात. चकचकीत अंगाची, सपाट पोटाची मादी पुढे केली तर ती बहुधा आई नव्हे. पिल्लाचं पोट ढोलकीसारखं टम्म असेल तर जंत समजा. लसीच्या कार्डावर बाटलीचं स्टिकर आणि डॉक्टरचा नोंदणी क्रमांक हवा, नुसती सही नको. पार्व्हो (पिल्लांचा उलट्या-जुलाबांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) लागण झाल्यावर बहुधा 3 ते 7 दिवसांनी दिसतो, म्हणून घेताना पिल्लू धडधाकट वाटतं. 3 दिवसांत आपल्या डॉक्टरला दाखवून परत करता येईल, हे लेखी घ्या.

‘पेपर नंतर पाठवतो’ म्हणणाऱ्याला पैसेही नंतरच.

हे सगळं करूनही खुब्याचा आजार येऊ शकतो, कारण हा एका जनुकाचा खेळ नाही. फ्लॅटमधल्या गुळगुळीत टाइल्स आणि वाढलेलं वजन त्यात भर घालतात. आणि पिल्लूच हवं असा हट्ट नसेल तर लोकांनी सोडून दिलेले मोठे लॅब मुंबईत दत्तक मिळतात. त्यांचे खुबे निदान एक्स-रेत आधीच बघता येतात.

नाव मात्र कुणाचं सुचवणार नाही. थंडीत केसीआयचे डॉग शो भरतात, तिथे लॅबच्या रिंगबाहेर उभे राहून मालकांशी बोला. एखादा उलट तुम्हालाच विचारेल, दिवसभर घरी कोण असतं, लिफ्ट आहे का, गावी गेलात तर कुत्रा कुठे? त्याचा नंबर घ्या.