सिनेमा चांगला, डिस्क बाद

मागच्या अंकात आम्ही म्हटलं होतं, कपाटात पडलेल्या डीव्हीडी काढा, परत लावून बघा आणि काय वाटलं ते कळवा. पत्रं एवढी आली की टेबलावर चहाचा कप ठेवायला जागा राहिली नाही. खरं एक तक्रार आहे माझी, निम्म्या लोकांनी पिक्चरची स्टोरीच लिहून पाठवलीय. स्टोरी माहिती आहे हो आम्हाला, डिस्क कशी आहे ते सांगा की! शहापुरात चौदा वर्षं सीडी लायब्ररी चालवली मी, गिऱ्हाईक डिस्क काउंटरवर आपटून "पिक्चर एकदम बेकार" म्हणून जायचं आणि रात्री घरी लावून बघितलं की कळायचं, पिक्चरला काही झालेलं नाही, डिस्कच रद्दीत घालायच्या लायकीची आहे. तेव्हा दोन्हीला मार्क वेगवेगळे द्या.

"थेटरात दोनदा बघितलेला १५० मिनिटांचा पिक्चर, डीव्हीडीवर घड्याळ लावून बघितला तर १४४ मिनिटात संपला. सहा मिनिटं कुणी खाल्ली? गाणं उडवलंय असं मी म्हणतो, बायको म्हणते काही उडवलेलं नाही. पैज लागलीय."
— एक काका, खानापूर

काका, पैज हरलात. वहिनींना कुंदा आणून द्या, आणि जरा चांगल्या दुकानातला आणा.

काय होतं बघा, थेटरात रीळ सेकंदाला २४ चित्रं या वेगानं पळायचं. आपल्याकडच्या जुन्या टीव्हीची जी पद्धत, पॅल म्हणतात ती, तिला सेकंदाला २५ चित्रं लागतात. मग डिस्क काढणारे लोक फार डोकं चालवत नाहीत, अख्खा पिक्चरच थोडा जोरात पळवतात. शंभरातली चार मिनिटं गेली, म्हणजे दीडशेतली सहा, तुमचा हिशोब पैशाला पैसा जुळतोय. आणि तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंय ना, "हिरोचा आवाज थोडा बारीक वाटला, म्हटलं स्पीकर म्हातारा झाला", तो स्पीकर नव्हे काका. वेग वाढला की आवाजही थोडा चढतो.

हे फक्त पॅल डिस्कचं. कव्हरच्या मागं बारीक अक्षरात एनटीएससी (अमेरिकेकडची टीव्हीची पद्धत) असं लिहिलेलं असेल तर वेळ थेटरएवढीच यायला पाहिजे, आणि तिथं सहा मिनिटं कमी आली तर मात्र खरंच कुणीतरी कात्री लावलीय. अशा डिस्का आल्या होत्या माझ्याकडं. एकीत सुरुवातीची नावंच गायब, सरळ दुसऱ्या सीनपासून पिक्चर चालू.

पक्कं बघायचं असेल तर एक युक्ती सांगतो. सुरुवातीला सेन्सॉरचं सर्टिफिकेट येतं तिथं पॉज दाबा. रिळाच्या पिक्चरचं सर्टिफिकेट असेल तर त्यावर लांबी मीटरमध्ये असते, तिला २७.४ नं भागा, मिनिटं मिळतात. ४११५ मीटर असेल तर बरोबर १५०. आमच्या लायब्ररीत एक ऑपरेटर यायचा, थेटरात नोकरी केलेला, तो हे तोंडी करायचा आणि वर विचारायचा, "किती उडवलंय सांगू?"

"बसस्टँडजवळ तीन पिक्चर एकात अशी डीव्हीडी घेतली. पळापळीचा सीन आला की सगळी माणसं चौकोन चौकोन होतात. प्लेअर बदलू का?"
— एक ताई, निपाणी

नको ताई, प्लेअर बिचारा चांगला आहे. साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी जागा असते. अडीच तासाचा एक पिक्चर घातला तर चित्राच्या माहितीची सेकंदाला चार मेगाबिटच्या आसपास वाटणी येते, चित्र छान दिसतं. तिथंच तीन कोंबले की वाटणी दीडच्याही खाली, म्हणजे डीव्हीडीचं कव्हर आणि आत जवळजवळ व्हीसीडी, ती डीव्हीडीच्या आधीची, कमी स्पष्ट चित्राची डिस्क. माणसं उभी असली की चालून जातं, पळायला लागली की फुटतात. पाच जणांच्या डब्यात पंधरा जणांना जेवायला बसवल्यासारखं आहे ते. २००७ला मोझर बेअर या डिस्कवाल्या कंपनीनं २८ रुपयाला व्हीसीडी आणि ३४ रुपयाला डीव्हीडी आणली तेव्हा स्वस्त म्हणजे वाईटच असं म्हणायची सोय राहिली नाही खरं, एका डिस्कवर एकच पिक्चर असेल तर स्वस्तातलीसुद्धा बघण्यासारखी असते. एकात तीन बघून भुलू नका, एवढंच.

"आमची सून बैलहोंगलची, घरी कन्नड बोलणारी. तिला मराठी पिक्चर दाखवावा म्हणून इंग्रजी सबटायटल लावले तर भलतंच. 'वाट लागली' म्हटलं की खाली 'रस्ता सुरू झाला' अशा अर्थाचं इंग्रजी. ती नको तिथं हसायची आणि हसायच्या जागी गप्प. शेवटी मी सांगत बसले आणि पॉज दाबायचं काम ह्यांच्याकडं दिलं. दोन तासाचा पिक्चर पावणेचार तास चालला. माझं मत विचाराल तर पिक्चर छान, सबटायटल लिहिणाऱ्याला बोलवून घ्या इकडं. आणि कन्नड सबटायटल का देत नाहीत हो?"
— एक वाचक, वडगाव, बेळगाव

मावशी, या महिन्यातलं सगळ्यात भारी पत्र तुमचं. आणि प्रश्न तर असा आहे की मला तो लायब्ररीत असताना कधी सुचला नाही याची लाज वाटली.

एका डीव्हीडीवर सबटायटलच्या ३२ भाषा घालता येतात. बत्तीस! आवाजाच्या आठ. जागेचं कारण कुणी सांगितलं तर ऐकूच नका, अख्ख्या पिक्चरचे एका भाषेतले सबटायटल फार तर एक-दोन गाण्यांच्या फाईलएवढी जागा खातात. म्हणजे एकतीस कप्पे रिकामे ठेवून हे लोक डिस्क विकत होते. माझ्या हाताखालून मराठी डिस्का गेल्या त्यात इंग्रजी असायचं, कधी तेही नसायचं, कन्नड एकदाही बघितलं नाही. आणि उगी एका बाजूला बोलत नाही मी, कन्नड पिक्चरच्या डिस्का पण ठेवायचो, गिऱ्हाईक दोन्हीकडचं होतं, त्यात मराठी सबटायटल कधी दिसले नाहीत. डिस्क काढणाऱ्याच्या डोळ्यासमोर परदेशातला माणूस असतो, त्याच्यासाठी इंग्रजी. एका घरात सासू मराठीत भांडते आणि सून कन्नडमधनं उत्तर देते अशी घरं इथं गल्लीगल्लीत आहेत, हे त्याला कोण सांगणार.

बरं आता उपाय. घरात कॉम्प्युटरला डीव्हीडी ड्राइव्ह असेल, नसला तर यूएसबीचा बाहेरून लावायचा मिळतो, त्यात डिस्क घालून व्हीएलसी प्लेअरवर लावा. त्याला सबटायटलची वेगळी फाईल जोडता येते, साधी नोटपॅडमध्ये टाईप केलेली, किती मिनिटाला कुठली ओळ एवढंच त्यात. सुनेला कन्नड टायपिंग येत असणारच. तुम्ही सांगा, ती लिहील. पहिली पंधरा मिनिटं झाली की आम्हाला कळवा, आणि 'वाट लागली'ला कन्नडमध्ये काय लिहिलं ते नक्की कळवा.

"दादा, आजोबांनी नाटकाच्या व्हीसीडीवर वरच्या बाजूला बॉलपेननं 'भाग १' लिहिलंय. प्रत्येक वेळी तिथंच अडकते. मित्र म्हणतो टूथपेस्ट लाव."
— इयत्ता नववी, सांबरा

खालची चकचकीत बाजू आपण तळहातासारखी जपतो आणि वर खुशाल पेन चालवतो. सीडी-व्हीसीडीत मजकूर असतो तो वरच्या लेबलच्या अगदी खाली, मध्ये नखाएवढासुद्धा आडोसा नाही. आजोबांच्या पेनाचं टोक थेट नाटकावरच फिरलंय. टूथपेस्टनं फार तर खालच्या बाजूचा हलका ओरखडा घासून जातो, ह्याला काही उपयोग नाही, दात घास तिनं. डीव्हीडीत मजकूर दोन चकत्यांच्या मधे असतो म्हणून ती जरा बचावते, तरी लिहायचंच झालं तर मऊ मार्कर घे. आणि आजोबांना बोलू नकोस काही.

"'मालगुडी डेज'चा सेट परत बघितला. हिंदी मालिका, गाव काल्पनिक, तरी आम्हाला आपलीच का वाटते? नातवंडं मात्र एका बसणीत आठ भाग बघून कंटाळली."
— निवृत्त गुरुजी, संकेश्वर

गुरुजी, आपली वाटणारच. चित्रीकरण शिमोग्याकडच्या आगुंबेत झालेलं, कौलं, ओसरी, पाऊस, हे सगळं खानापूर-जांबोटीकडं गेलं की दिसतंच आपल्याला. आणि दिग्दर्शक शंकर नाग, जन्म होन्नावरचा, कन्नड सिनेमातला एवढा मोठा माणूस, खरं सुरुवातीला मुंबईत मराठी नाटकात रमलेला. सुरुवातीची आर. के. लक्ष्मण यांची चित्रं आणि एल. वैद्यनाथन यांची ती धून लागली की आमच्या घरात अजून कुणीतरी मागनं गुणगुणतंच.

नातवंडांचं मात्र चुकलं नाही, चूक त्या मेनूतल्या 'प्ले ऑल' बटणाची. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर आठवडाभर वाट बघून एक भाग मिळायचा, तेवढ्या वेळात ती गोष्ट डोक्यात मुरायची. एकामागनं एक आठ लावले की सगळ्या गोष्टींचं पिठलं होतं. रात्री जेवण झाल्यावर एकच लावा आणि टीव्ही बंद करा, पोरं ओरडतील, ओरडू दे. आणखी एक बघून घ्या, शंकर नाग यांचे भाग ३९, पुढचे १५ बऱ्याच वर्षांनी २००६ला कविता लंकेश यांनी केले. तुमच्या सेटमध्ये नेमके किती आहेत ते मोजा. माझ्याकडच्या सेटमध्ये रंग असे उडालेत की आगुंबेचं हिरवं रान वाळलेल्या गवतासारखं दिसतं, त्याचे मार्क मी कापले, मालिकेचे नाही.

"चांगली महागातली ओरिजिनल डिस्क, तरी पिक्चरच्या मध्यावर एक सेकंद चित्र थांबतं. दुकानदार बदलून देईना."
— एक वाचक, टिळकवाडी

दुकानदाराचं बरोबर आहे यावेळी. ८.५ जीबीच्या डिस्कमध्ये दोन थर असतात, पहिला वाचून झाला की प्लेअरचा डोळा दुसऱ्यावर जातो, त्याला तेवढा वेळ लागतो. दरवेळी अगदी त्याच जागी थांबत असेल आणि परत नीट चालत असेल तर डिस्कला काही झालेलं नाही. आमच्या लायब्ररीत या एका सेकंदावरनं तीन जणांनी भाडं परत मागितलं होतं, आणि हे मला माहिती नव्हतं तेव्हा, दोघांना मी दिलंसुद्धा.