चकचकीत स्टीलच्या पाइपवर आयआर थर्मामीटर कमी तापमान दाखवतो. गन खराब आहे का? एमिसिव्हिटी किती ठेवू?

गन खराब नाहीये. उत्तर द्यायचं कारण एवढंच की याच भानगडीत माझं मनगट भाजलंय.

मेंटेनन्सला नवीन होतो तेव्हा. स्टेनलेसची गरम पाण्याची लाइन बंद करून फ्लँज (पाइपचा बोल्टवाला जोड) खोलायचा होता. सिनियरने गन मारली, ४१ डिग्री. म्हणाले थंड झालीये, खोल. मी म्हटलं साहेब, लाइन बंद करून दहा मिनिटं पण झाली नाहीत, तर म्हणे मशीन खोटं बोलतं का, तू घाबरतोस. पाना लावताना मनगट पाइपला टेकलं आणि असं पोळलं की डाग अजून आहे. संध्याकाळी लाइन परत चालू झाल्यावर मी त्याच पाइपवर काळी इन्सुलेशन टेप चिकटवली, दोन मिनिटं थांबलो, तीच गन, टेपवर ८४ आणि बोटभर बाजूला उघड्या स्टीलवर ४१!

गन फक्त पृष्ठभागाकडून येणारे इन्फ्रारेड किरण मोजते आणि समोरच्या मालाची एमिसिव्हिटी (स्वतःचे किरण सोडायची ताकद, ० ते १ मध्ये) ०.९५ आहे असं धरून आकडा काढते. चकचकीत स्टील स्वतःचे किरण फार कमी सोडतं, बाकी आजूबाजूच्या भिंतींचे, तुमच्या अंगाचे परावर्तित करतं, म्हणजे तुम्ही निम्म्याहून अधिक खोलीचंच तापमान मोजत बसता.

किती ठेवू याला एक आकडा नाही. पॉलिश केलेलं ०.१ च्या आसपास, तेच गंजून काळं पडलं की ०.८ पर्यंत जातं, तक्त्यावर विसंबू नका. टेपवर ०.९५ ने मोजा, मग शेजारच्या उघड्या धातूवर तोच आकडा येईपर्यंत एमिसिव्हिटी कमी करा. माझ्या पाइपला ०.१५ ला जुळला. पण एवढ्या खाली नेल्यावर जरा कोन बदलला तरी रीडिंग उड्या मारतं, त्यामुळे मी सरळ टेपच ठेवतो.

हां, साधी टेप ८० च्या वर जास्त वेळ टिकत नाही, तिथे मॅट काळा हीटप्रूफ पेंट मारा. आणि लेझरचा ठिपका म्हणजे मोजायची जागा नव्हे, खरा गोल त्याहून मोठा असतो, टेप त्या गोलापेक्षा मोठी हवी, नाहीतर लांबून मारून परत चुकीचंच येईल.

सिनियर शेवटपर्यंत म्हणत होते की टेपच गरम झाली असेल. अहो, तिला गरम करायला पाइपशिवाय दुसरं होतं काय तिथे?