गेफीत पहिला आलेख काढताना

बापू, गेफी म्हणजे कोण कोणाशी जोडलंय याचं जाळं काढणारं सॉफ्टवेअर. आपल्या आलेखात टिंब म्हणजे वेबसाइट, रेषा म्हणजे एकीनं दुसरीला दिलेली लिंक. पहिल्याच दिवशी अख्खा विदर्भ त्यात ओतू नको. आपल्या जिल्ह्यातल्या २०-२५ जुन्या वेबसाइट घे, त्याही एकाच वर्षाच्या.

सगळ्यात मोठी चूक, मीही केलेली: वेबॅक मशीन म्हणजे इंटरनेट अर्काइव्हचा जुन्या वेबपानांचा साठा, त्यातल्या प्रतीत लिंकांच्या आधी अर्काइव्हचा पत्ता आणि १४ आकडी तारीख-वेळ चिकटलेली असते. ती छाटली नाही तर सगळ्या रेषा अर्काइव्हकडेच धावतात. माझा पहिला आलेख म्हणजे नुसतं फुटलेलं कपाशीचं बोंड!

- डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेला-नसलेला पत्ता एकच कर.
- सीएसव्हीत (गेफीला द्यायच्या तक्त्याच्या फाइलीत) सध्या दोनच रकाने: सोर्स (लिंक देणारी साइट), टार्गेट (जिला लिंक दिली ती).
- मांडणीला फोर्सॲटलास २ (जोडलेली टिंबं जवळ ओढणारी गेफीतली पद्धत). टिंबं जवळ आली म्हणजे सोयरीक जुळली असं नाही, मूळ पान उघडून बघ.

रंगरंगोटी मागाहून. आणि सेव्ह करत राहा, लाईन कधी जाईल नेम नाही.